दुएल गावाचा अर्धा जमाखर्च

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना भारतातील महाविद्यालयांत एक सूत्र वर्षानुवर्षे शिकवले जाते. समाज जसजसा प्रगत होतो, तसतशी माणसे शेतीतून कारखानदारीत आणि कारखानदारीतून सेवाक्षेत्रात जातात. प्राथमिक, द्वितीयक आणि तृतीयक अशी या तीन क्षेत्रांची नावे पाठ करूनच विद्यार्थी पुढच्या इयत्तेत जातो. शेतावरची माणसे जितकी कमी, तितका देश पुढारलेला, हा त्या सूत्राचा व्यावहारिक अर्थ. फिशर, कोलिन क्लार्क आणि झाँ फुरास्तिए या तिघांच्या नावाशी हे सूत्र जोडलेले आहे. त्यांपैकी फुरास्तिए हे फ्रेंच होते आणि आपल्या म्हणण्याचा सर्वांत बोलका पुरावा त्यांनी फ्रान्समधील एका लहानशा खेड्यातून काढला होता. या सूत्राच्या आधाराने गावांचे भवितव्य ठरवणाऱ्यांनी ते खेडे एकदा नीट पाहिले पाहिजे.

१९७९ साली फुरास्तिए यांचा 'ले त्राँत ग्लोरियज' म्हणजे 'तीस वैभवशाली वर्षे' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ग्रंथाच्या आरंभी दोन गावांची वर्णने आहेत. पहिले गाव मादेर. लोकसंख्या ५३४; कामकरी माणसे २७९ आणि त्यांतील २०८ शेतीवर. दुसरे गाव सेसाक. लोकसंख्या ६७०, कामकरी माणसे २१५ आणि त्यांत शेतकरी अवघे ५३. पहिल्या गावात दारिद्र्य, दुसऱ्यात सुबत्ता. एक गाव मागास देशातले आणि दुसरे पुढारलेल्या देशातले असावे, असा वाचकाचा समज होतो. मग फुरास्तिए खुलासा करतात की ही दोन्ही गावे एकच आहेत. पहिले वर्णन १९४६ चे, दुसरे १९७५ चे. आणि गावाचे खरे नाव दुएल.

दुएल हे दक्षिण-पश्चिम फ्रान्समधील लॉट नदीच्या वळणावर, काहोर शहराजवळ वसलेले गाव. फुरास्तिए यांचा या गावाशी घरचा संबंध होता आणि १९९० साली त्यांचे निधनही तेथेच झाले. म्हणजे गावाविषयी त्यांना आस्था नव्हती, असा आरोप कोणीही करू शकणार नाही. त्यांचे आकडे खोटे होते, असेही नाही. तक्रार वेगळी आहे. त्यांनी जमाखर्चाच्या वहीत जमेची बाजू लिहिली आणि खर्चाचे पान कोरे ठेवले. त्यांच्यानंतरच्या राज्यकर्त्यांनी आणि नियोजनकारांनी ते कोरे पान पाहून खर्च झालाच नाही, असे गृहीत धरले.

नदीने जगवलेले गाव

१९४६ चे दारिद्र्य जणू अनादि काळापासून चालत आले होते, असा समज 'मादेर'चे वर्णन वाचून होतो. दुएलचा इतिहास त्याला दुजोरा देत नाही. हे नावाड्यांचे आणि द्राक्षमळ्यांचे गाव होते. काहोर परिसराची गडद, जवळजवळ काळी दिसणारी वाइन मध्ययुगापासून प्रसिद्ध होती. ती पिंपांत भरून 'गाबार' नावाच्या सपाट तळाच्या नावांवर चढवायची आणि लॉट व गारोन नद्यांतून बोर्दोच्या बंदरापर्यंत न्यायची, हा या काठचा मोठा व्यवसाय. पिंपाच्या लाकडी फळीला फ्रेंच भाषेत 'दुएल' हाच शब्द आहे. द्राक्षे पिकवणारा, पिंपे बांधणारा सुतार, नाव चालवणारा नावाडी आणि त्यांना लागणारा लोहार अशी एकमेकांत गुंतलेली कामे नदीकाठच्या गावांत नांदत होती. फुरास्तिए यांच्या तीन क्षेत्रांत ही माणसे नेमकी कोठे बसवायची? शेतकरी, कारागीर आणि वाहतूकदार एकाच गल्लीत, पुष्कळदा एकाच घरात राहत होते.

या गावांची अडवणूकही जुनी आहे. बोर्दोच्या व्यापाऱ्यांनी शतकानुशतके असा विशेषाधिकार मिळवून ठेवला होता की, त्यांची स्वतःची वाइन विकली जाईपर्यंत वरच्या प्रदेशातील वाइन बंदरात येऊ द्यायची नाही. उत्तरेची जहाजे भरून निघून गेल्यावर काहोरच्या शेतकऱ्याने पडेल भावाने माल द्यावा, अशी ती व्यवस्था होती. १७७६ साली मंत्री तुर्गो यांनी हा अन्याय मोडला. बाजाराची दारे उघडताच काहोरच्या वाइनचे दिवस पालटले. खेडे मुळात दुबळे नसते. त्याला दुबळे ठेवणारे नियम कोणीतरी केलेले असतात, हा धडा त्यातून घेता आला असता.

पुढे संकटे एकामागोमाग आली. १८७० च्या दशकाच्या उत्तरार्धात फायलॉक्सेरा ही मुळे खाणारी कीड येथे पोहोचली आणि तिने द्राक्षमळे उद्ध्वस्त केले. रेल्वेने नदीवरची वाहतूक गिळली आणि १९२६ साली लॉट नदीचे नाव सरकारने जलमार्गांच्या यादीतून काढून टाकले. संपूर्ण लॉट जिल्ह्याची लोकसंख्या १८५१ साली सुमारे २ लाख ९६ हजार होती. १९६२ पर्यंत ती दीड लाखाच्या आसपास आली. शंभर-सव्वाशे वर्षांत अर्धा जिल्हा नाहीसा झाला! तेव्हा १९४६ मध्ये जे दारिद्र्य दिसले, ते ग्रामजीवनाचे मूळ रूप नव्हते. ते पिळून काढलेल्या गावाचे रूप होते. आजारी माणसाचे वजन करून 'हा जन्मतः असाच होता' असे म्हणण्यासारखा हा प्रकार आहे.

मातृभाषेची लाज

खर्चाच्या पानावरची पहिली नोंद भाषेची आहे. केर्सी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रदेशाची बोली ऑक्सितान. मध्ययुगात जिच्या कवींनी अर्ध्या युरोपला काव्य शिकवले, ती ही भाषा. शेतात, घाटावर, चुलीपाशी आणि बाजारात हीच बोलली जाई.

फ्रेंच राज्यक्रांतीने मनुष्याच्या हक्कांचा जाहीरनामा जगाला दिला, हे सर्वांना ठाऊक असते. त्याच क्रांतीच्या काळात, १७९४ साली, आबे ग्रेग्वार यांनी राष्ट्रीय सभेपुढे एक अहवाल मांडला होता, हे फारसे कोणी सांगत नाही. प्रादेशिक बोली नष्ट करण्याची आवश्यकता आणि त्यासाठीचे उपाय, हाच त्या अहवालाचा विषय होता. त्यांच्याच अंदाजानुसार फ्रान्समधील किमान ६० लाख लोकांना फ्रेंच भाषा येत नव्हती आणि ती शुद्ध बोलणारे ३० लाखांहून अधिक नव्हते. ज्या जनतेच्या नावाने क्रांती झाली, त्या जनतेची भाषाच अडथळा ठरवली गेली.

हे काम पुरे केले ते शाळेने. १८८१-८२ च्या जूल फेरी यांच्या कायद्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत, सक्तीचे आणि धर्मनिरपेक्ष केले. खेड्यातील मुले लिहू-वाचू लागली, याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु त्याच शाळांतून बोलीभाषेचा शब्द तोंडून निघाला की मुलाच्या गळ्यात लाकडाचा तुकडा किंवा तसलीच एखादी वस्तू अडकवण्याची प्रथा अनेक प्रांतांत होती. ती वस्तू काढून टाकायची, तर बोलीत बोलणारा दुसरा मुलगा पकडून द्यायचा. दिवस संपताना ज्याच्या गळ्यात ती राही, त्याला शिक्षा. मुलाने मित्रावर पाळत ठेवावी आणि आईच्या भाषेला अपराध मानावे, असे हे शिक्षण! या साऱ्या अनुभवाला ऑक्सितान भाषकांनी आपल्याच भाषेतील एक शब्द दिला आहे : 'व्हेर्गोन्या', म्हणजे लाज.

विसंगती पाहा. १९०४ साली फ्रेदेरिक मिस्त्राल यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे काव्य याच भाषाकुलातील प्रोव्हाँसाल बोलीत होते. ज्या भाषेचा जगाने सन्मान केला, त्याच भाषेत शाळेच्या अंगणात हाक मारणारे पोर शिक्षेला पात्र ठरत होते. १९५१ च्या देक्सोन कायद्याने ऑक्सितानसह चार भाषांना ऐच्छिक विषय म्हणून शाळेत पाय ठेवू दिला. पण तोपर्यंत आईबापांनीच मुलांशी ती बोलणे सोडायला सुरुवात केली होती.

भाषेची सक्ती नसती तर फ्रान्स एकसंध राहिला नसता, असा युक्तिवाद केला जातो. शेजारचे स्वित्झर्लंड त्याला उत्तर देते. तेथे १९३८ साली जनतेने मतदान करून मूठभर डोंगरी गावांच्या रोमान्श भाषेला राष्ट्रभाषांपैकी एक म्हणून मान्यता दिली. चार भाषा नांदवूनही तो देश फुटला नाही. राष्ट्र एक असण्यासाठी सर्व गावे एकाच साच्यातून काढावी लागतात, हा पॅरिसचा हट्ट आहे. इतिहासाचा नियम नव्हे. तो हट्ट आजही सुटलेला नाही. प्रादेशिक भाषांच्या युरोपीय सनदेवर फ्रान्सने १९९९ साली स्वाक्षरी केली, पण तिला मंजुरी कधीच दिली नाही. २०२१ साली संसदेने या भाषांच्या रक्षणाचा कायदा संमत केला, तेव्हा संपूर्ण शिक्षण मातृभाषेतून देण्याची त्यातील तरतूद घटना परिषदेने रद्द ठरवली.

दगडावर कोरलेली नावे

दुसरी नोंद माणसांची. फ्रान्समधील कोणत्याही खेड्यात गेले तरी चर्चजवळ किंवा मेअरच्या कचेरीसमोर एक स्मारक दिसते. त्यावर १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात कामी आलेल्यांची नावे असतात. एकच आडनाव दोनदा, तीनदा येते. ते भाऊ असतात किंवा चुलतभाऊ. त्या युद्धात फ्रान्सचे सुमारे १४ लाख सैनिक मारले गेले आणि पायदळात सर्वांत मोठा भरणा शेतकऱ्यांच्या मुलांचा होता. ज्या प्रजासत्ताकाने त्यांच्या बोलीला कमी लेखले, त्याच प्रजासत्ताकासाठी ते खंदकांत उभे राहिले. खेड्याच्या राष्ट्रनिष्ठेविषयी शंका घेणाऱ्यांनी ही स्मारके वाचावीत. ज्यांच्या घरातला कर्ता मुलगा गेला, ती शेती पुढच्या पिढीत कोणी करायची? युद्धानंतर ओसाड पडलेल्या शेतांचा आणि बंद झालेल्या घरांचा हिशेब कोणत्याही क्षेत्र-सिद्धांतात मांडलेला नाही.

१९४६ चा दिवस

आता फुरास्तिए यांच्या जमेच्या बाजूकडे प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. १९४६ च्या दुएलमधील जीवन कष्टाचे होते. नांगर जनावरांनी ओढायचा, ट्रॅक्टर नाममात्र. पाणी वाहून आणायचे, कपडे थंड पाण्यात हाताने धुवायचे, हे बायकांच्या वाट्याचे काम. घरखर्चाचा तीन-चतुर्थांश भाग अन्नावर जाई आणि त्या अन्नात निम्मा भाग पाव आणि बटाट्यांचा असे. खाटकाकडचे मांस आठवड्यातून एखादेच वेळी. एरवी घरी पाळलेल्या डुकराचे खारवलेले मांस आणि सूप. दूरध्वनी, मोटारी आणि शीतकपाटे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्या काळी फ्रान्समध्ये जन्मणाऱ्या हजार अर्भकांपैकी सत्तरहून अधिक पहिल्या वाढदिवसापूर्वीच दगावत. १९७५ पर्यंत हे प्रमाण चौदाच्या आसपास आले. कोणत्याही मातेला १९४६ मध्ये परत जा असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. ग्रामजीवनाचे गोडवे गाणाऱ्या शहरी रसिकांनी हे विसरू नये.

पण त्याच १९४६ च्या दिवसात आणखीही काही होते. हिवाळ्याच्या रात्री शेजारीपाजारी एका घरी जमत, शेकोटीभोवती बसून अक्रोड फोडत आणि जुन्या गोष्टी ऑक्सितानमध्ये सांगितल्या जात. द्राक्षतोडणीला एकमेकांच्या मळ्यात माणसे जात आणि मळेवाला सर्वांना जेवू घाली. आजोबा आणि नातू एकाच छपराखाली राहत. वृद्धाश्रम हा शब्द घरात उच्चारावा लागत नसे. धुलाईयंत्र आले हे उत्तम झाले. परंतु धुलाईयंत्र मिळवण्यासाठी शेजार देऊन टाकावा लागतो, असा निसर्गनियम कोणी सिद्ध केला आहे? दोन्ही गोष्टी एकाच काळात घडल्या, एवढ्यावरून एक दुसरीची किंमत होती असे ठरत नाही. ती किंमत कोणी ठरवली, हा प्रश्न त्यामुळेच विचारावा लागतो.

अपरिहार्य की ठरवून केलेले?

२०८ शेतकऱ्यांचे ५३ झाले, हे जणू ऋतू बदलावा तसे आपोआप घडले, असे सांगितले जाते. सरकारी कागद वेगळी कथा सांगतात. १९६० आणि १९६२ च्या कृषीविषयक कायद्यांनी मोठ्या, यंत्रांना सोयीच्या शेतीचे धोरण आखले. वयस्क शेतकऱ्याने जमीन सोडावी म्हणून त्याला खास निवृत्तिवेतन देऊ केले. जमिनींचे एकत्रीकरण करताना अनेक प्रांतांत बांध आणि कुंपणाची झाडे उखडली गेली. १९६८ साली युरोपीय समुदायाचे कृषिप्रमुख मान्सहोल्ट यांनी तर दहा-बारा वर्षांत सुमारे ५० लाख माणसे शेतीबाहेर काढण्याची योजना मांडली. शेतकऱ्यांनी तिला प्रखर विरोध केला, १९७१ साली ब्रुसेल्सच्या रस्त्यांवर त्यांचा प्रचंड मोर्चा निघाला आणि योजना बरीच सौम्य करावी लागली. दिशा मात्र तीच राहिली. १९५५ साली फ्रान्समध्ये सुमारे २३ लाख शेतघरे होती. २०२० च्या कृषिगणनेत ती ३ लाख ९० हजारांच्या आसपास भरली. इतका मोठा बदल योजना आखून, पैसा खर्चून घडवायचा आणि नंतर त्याला 'अपरिहार्य' म्हणायचे, ही बौद्धिक अप्रामाणिकता आहे.

दुसरा मार्ग होता की नव्हता? त्याचे उत्तर दुएलच्या शेजारीच मिळते. १९४७ साली लगतच्या पार्नाक गावी द्राक्षउत्पादकांनी सहकारी वाइनगृह उभारले. १९५६ च्या फेब्रुवारीत भयंकर थंडीची लाट आली आणि काहोर परिसरातील जवळजवळ सगळ्या वेली गोठून मेल्या. सूत्राप्रमाणे या शेतकऱ्यांनी तेव्हाच शहराची गाडी पकडायला हवी होती. त्यांपैकी अनेकांनी ती पकडली नाही. त्यांनी आपल्या भूमीचा जुना वाण पुन्हा लावला, सहकाराच्या बळावर दर्जा सांभाळला आणि १९७१ साली 'काहोर' या नावाला कायदेशीर संरक्षण मिळवले. त्या भागातील बाहेरच्या कोणालाही आपल्या वाइनला ते नाव लावता येत नाही. फुरास्तिए ज्या तीस वर्षांचे वर्णन करतात, त्याच तीस वर्षांत हा पराक्रम घडला. १९७५ मध्ये जे शेतकरी टिकून होते, त्यांच्यामागे ही जिद्द होती. म्हणजे गाव रिकामे होणे हा नियम असेल, तर गावाने स्वतःच्या बळावर उभे राहणे हेही तितकेच ऐतिहासिक सत्य आहे. पहिल्याचे सूत्र झाले. दुसऱ्याची तळटीपही झाली नाही.

चित्रातले गाव

आजचे दुएल ओसाड नाही, हे नमूद केले पाहिजे. काहोर शहर जवळ असल्याने नोकरदार तेथे राहतात. नदीचा काही भाग पुन्हा नौकानयनासाठी खुला झाला असून सुट्टीत येणाऱ्यांना भाड्याने होड्या मिळतात. घाटाच्या भिंतीवर वाइनच्या इतिहासाचे भलेमोठे रंगीत भित्तिचित्र आहे. ज्या घाटावर पिंपे चढवली जात, त्या घाटावर आता पिंपांची चित्रे पाहायला माणसे येतात! दुएल तरीही भाग्यवान. शहरापासून दूर असलेल्या पठारावरच्या गावांना एवढेही मिळालेले नाही.

देशभरातील चित्र पाहिले तर गावाचे गावपण ज्या जागांत असते, त्याच जागा बंद होत आहेत. १९६० च्या सुमारास फ्रान्समध्ये सुमारे २ लाख कॅफे होते. आज ते ४० हजारांच्या आत आले आहेत. खेड्यातला कॅफे म्हणजे गावकऱ्यांचा पार. तो मिटला की माणसे एकमेकांना भेटायची कोठे? पाववाल्याची भट्टी विझते, टपालकचेरीचे तास कमी होतात, डॉक्टर निवृत्त होतो आणि त्याच्या जागी कोणी येत नाही. दर वसंतात शिक्षण खात्याकडून पुढच्या वर्षी बंद होणाऱ्या वर्गांची यादी येते आणि पालक शाळेच्या फाटकावर निषेधाचे फलक बांधतात. मेअरच्या संमतीवाचून शाळा बंद होणार नाही, असे आश्वासन राष्ट्राध्यक्ष माक्राँ यांनी २०१९ साली दिले. तेव्हा शाळा उघडी ठेवून तिच्यातले वर्ग मिटवण्याची पळवाट शिल्लक राहिली. चर्चचीही तीच स्थिती. १९०५ च्या कायद्यापूर्वीची बहुतेक चर्चे गावाच्या मालकीची झाली, म्हणजे छप्पर शाकारण्याचा खर्च दोन-तीनशे माणसांच्या वस्तीवर पडला. चर्चमध्ये कधीही पाऊल न टाकणारे गावकरीही त्या छपरासाठी वर्गणी देतात, कारण ती घंटा सर्वांची असते.

आणि सरकार काय करते? २०१९ साली ओलेराँ बेटावरील 'मोरिस' नावाच्या कोंबड्याचा खटला जगभर गाजला. सुट्टीत राहायला येणाऱ्या शेजाऱ्यांनी त्याच्या पहाटेच्या आरवण्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली होती. रोशफोरच्या न्यायालयाने कोंबड्याच्या बाजूने निकाल दिला. त्यानंतर जानेवारी २०२१ मध्ये ग्रामीण भागातील आवाज आणि गंध हा देशाचा वारसा असल्याचे सांगणारा कायदा झाला. हेतू चांगला होता, हे मान्य. परंतु कोंबड्याने आरवावे यासाठी कायदा करावा लागणाऱ्या देशात कोंबडा पाळणारा शेतकरी किती दिवस उरेल, याचा विचार झाला का? शेणाच्या वासाला संरक्षण आणि गुरे पाळणाऱ्याला मात्र वाऱ्यावर सोडायचे. बोलीला घटनेत 'वारसा' म्हणायचे, जसे २००८ साली म्हटले, आणि तिची शाळा घटनेच्याच आधारे अडवायची! जिवंत असताना ज्याचा तिरस्कार केला, त्याची तसबीर भिंतीवर लावण्याची ही रीत आहे.

वह्या आणि उलट्या पाट्या

एवढे होऊनही फ्रान्सचे खेडे मुके झालेले नाही, कारण त्याच्याकडे एक जुने बळ शिल्लक आहे. ते बळ म्हणजे 'कम्यून', गावाचे स्वतःचे स्थानिक शासन. डिसेंबर १७८९ च्या कायद्याने ते उभे राहिले. आजही देशात सुमारे ३५ हजार कम्यून आहेत आणि त्यांतील बहुसंख्य लहान खेडी आहेत. शंभर वस्तीच्या गावालाही स्वतःचा मेअर, स्वतःची सभा आणि जन्ममृत्यूची स्वतःची वही असते. कार्यक्षमतेच्या नावाखाली २०१५ च्या कायद्याने गावांना मोठमोठ्या गटांत बांधले आणि त्यांचे अधिकार वर सरकवले. तरीही गावकऱ्याचा सर्वाधिक विश्वास आजही मेअरवरच आहे.

नोव्हेंबर २०१८ मध्ये डिझेलवरील वाढत्या कराविरुद्ध पिवळी जाकिटे घातलेले लोक चौकाचौकांत उभे राहिले, तेव्हा पॅरिसमधील विद्वानांना धक्का बसला. पर्यावरणाची चाड नसलेली ही अडाणी माणसे कोण, असा सूर लागला. ज्या गावातून रेल्वे काढून घेतली, शाळा, दवाखाना आणि दुकान दूर नेले, त्या गावातील माणसाला मोटारीवाचून पाव आणणेही शक्य राहिले नाही, आणि मग मोटार चालवतो म्हणून त्यालाच दंड, हा त्या रोषाचा साधा अर्थ होता. त्याच हिवाळ्यात हजारो गावांच्या कचेऱ्यांत तक्रारींच्या वह्या ठेवल्या गेल्या. १७८९ साली क्रांतीपूर्वी गावोगावी अशाच वह्या लिहिल्या गेल्या होत्या. सव्वादोनशे वर्षांनंतर लोकांनी पुन्हा रांगा लावून स्वतःच्या हाताने लिहिले. सरकारने त्या वह्या गोळा करून दप्तरखान्यात ठेवल्या. त्या सर्वांना सहज वाचता याव्यात, असा ठराव करायला फ्रेंच राष्ट्रीय सभेला मार्च २०२५ उजाडावा लागला.

२०२३ च्या शरद ऋतूत तार्न जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी गावांच्या वेशीवरील नावांच्या पाट्या उलट्या करायला सुरुवात केली. देश डोक्यावर चालतो आहे, एवढेच त्यांना सांगायचे होते. नासधूस नाही, जाळपोळ नाही. फक्त गावाचे नाव उलटे. बघता बघता ही उलटी नावे देशभर दिसू लागली आणि जानेवारी २०२४ मध्ये ट्रॅक्टरांच्या रांगा महामार्गांवर उतरल्या.

खर्चाचे पान कोण लिहिणार?

दुएलचा हिशेब आता पुरा मांडता येतो. जमेच्या बाजूला वाचलेली अर्भके, हलके झालेले कष्ट, पोटभर अन्न आणि उबदार घरे आहेत. त्यांतील एकही गोष्ट नाकारण्याजोगी नाही. खर्चाच्या बाजूला एक भाषा, एका नदीचा व्यवसाय, तीन-चतुर्थांश शेतकरी आणि एकमेकांच्या आधाराने जगण्याची रीत आहे. पहिल्या बाजूसाठी दुसरी द्यावीच लागते, हे कोणीही सिद्ध केलेले नाही. उलट पार्नाकच्या सहकारी वाइनगृहाने, आणि १९७९ पासून ऑक्सितान माध्यमात मुलांना शिकवणाऱ्या 'कालान्द्रेता' शाळांनी, दोन्ही राखता येतात हेच दाखवले आहे. त्यांना वरून कोणी मार्ग दाखवला नव्हता. ज्यांचे गाव होते, त्यांनीच तो शोधला.

म्हणून क्षेत्र-सिद्धांताची पाने उलटताना विद्यार्थ्याने आणि ती शिकवताना अध्यापकाने एक प्रश्न अवश्य विचारावा : २०८ मधून ५३ वजा केल्यावर जे १५५ उरतात, त्यांचे काय झाले? आकड्यांत ते 'सेवाक्षेत्रात गेले' किंवा 'निवृत्त झाले'. प्रत्यक्षात त्यांच्याबरोबर मळ्याचे ज्ञान गेले, नदीचे ज्ञान गेले आणि ती ज्या शब्दांत साठवलेली होती ते शब्दही गेले. शीतकपाट दुकानातून पुन्हा विकत आणता येते. विझलेली भाषा आणि मोडलेला शेजार कोणत्याही दुकानात मिळत नाही. गावाची प्रगती मोजायला निघालेल्यांनी आधी पट्टी बदलावी. नाहीतर वेशीवरच्या पाट्या गावकरी उलट्या करतील आणि त्या पुन्हा सरळ करायला गावात कोणी उरलेले नसेल.